असमर्थतेचा दाखला

मुलीला दंतवैद्यक महाविद्यालयात जागा मिळाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी लिफ्टमिस्त्रीला आठवलं की आपण सैनिक आहोत.

तसा तो अठरा वर्षं सैनिक होता, पण राखीव. वर्षातले पन्नास आठवडे तो शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करी आणि उरलेले दोन आठवडे गणवेश चढवून शिबिराला जाई. राखीव म्हणजे देशाने अडीअडचणीसाठी बाजूला काढून ठेवलेला माणूस. अडचण काही आली नव्हती, त्यामुळे मिस्त्री अठरा वर्षं शिबिरातल्या पाण्याच्या टाकीवर पहारा देत होता. टाकी अद्याप शत्रूच्या हाती पडलेली नव्हती. या कामगिरीबद्दल त्याला एक पदक आणि एक पुस्तिका मिळाली होती. पदक बायकोने कपाटात ठेवलं होतं. पुस्तिका कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली होती.

पत्र आल्यावर तिघांनी मिळून कपाट उचललं आणि पुस्तिका बाहेर काढली. ‘राखीव सैनिक व कुटुंबीय शिक्षण साहाय्य योजना’ असं तिचं नाव होतं. मुखपृष्ठावर गणवेशातले वडील, त्यांना खेटून आई आणि पदवीची टोपी घातलेली मुलगी असे तिघे अतोनात हसत होते.

“बाबा, या बाईंचे पुढचे दोन दात खोटे आहेत,” मुलगी म्हणाली.

“तुला गं काय कळतं?”

“हिरडीजवळ बघा ना. कसे एकदम सरळ कापल्यासारखे आहेत.”

मुलीला कळत होतं. आठव्या वर्षापासून ती चाळीतल्या पोरांचे हलणारे दात दोरा बांधून काढत आली होती आणि पोरं रडण्याऐवजी रांग लावत. त्यावरून तिला सगळे दोरेवाली म्हणत. दुसरं काही व्हायचं तिच्या मनातही कधी आलं नाही. आता महाविद्यालयात राखीव सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेली एकुलती एक जागा तिने गुणांवर मिळवली होती. दहा दिवसांत योजनेचं मंजुरीपत्र आणून दिलं की प्रवेश पक्का. फी भरून शिकण्याचा पर्याय घरात एकदा उच्चारला गेला. मग कोणी तो पुन्हा उच्चारला नाही.

सैनिक कल्याण कार्यालय एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद होती. मिस्त्रीने सवयीने दाराच्या फटीतून आत डोकावून पाहिलं, नुसता एक फ्यूज उडालाय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो जिन्याने वर गेला.

खिडकीमागे बसलेल्या कारकुनाला सगळं कार्यालय परिशिष्ट म्हणत असे. साहेबसुद्धा. कोणत्याही प्रश्नाचं उत्तर मुख्य नियमात नसून परिशिष्टात असतं, यावर त्याची निष्ठा होती. माणूस मुळीच वाईट नव्हता. त्याने मिस्त्रीला बसायला खुर्ची दिली, स्वतःच्या चहातला अर्धा चहा दिला आणि कागद शेवटून पहिल्यापर्यंत वाचले.

“सगळं उत्तम आहे,” तो म्हणाला. “फक्त हक्क तुमचा आहे.”

“हो ना. माझाच.”

“आणि अर्ज मुलीचा आहे.”

“माझ्याच मुलीचा.”

“तेच तर. मूळ हक्क सैनिकाचा. सैनिकाने स्वतः वापरला नाही, तरच तो कुटुंबाकडे जातो. तुम्ही वापरलाय का?”

“नाही हो. मी कशाला वापरू? मला लिफ्टचं काम येतं.”

“वापरला नाही याचा पुरावा?”

मिस्त्रीने खिसे चाचपले. न केलेल्या गोष्टीचा कागद त्याच्याकडे नव्हता.

“लिहून देऊ का? मला शिकायचं नाही म्हणून?”

परिशिष्टने जीभ चावली. “असं चुकूनही लिहू नका! शिक्षणाविषयी अनास्था म्हणून शेरा पडेल, मग सगळंच बंद. हे बघा, परिशिष्ट सात. ‘सैनिक सदर शिक्षण घेण्यास इच्छुक असूनही असमर्थ असल्याचे सिद्ध झाल्यास हक्क कुटुंबीयांकडे वर्ग करावा.’ तुम्हाला असमर्थतेचा दाखला लागेल.”

“तो कुठे मिळतो?”

“प्रवेश परीक्षेला बसायचं आणि नापास व्हायचं. सैनिकांसाठी खास फेरी परवाच आहे, नशीबच म्हणा तुमचं. शैक्षणिक पात्रतेची अट तुम्हाला शिथिल आहे. नापास झालात की निकालाची प्रत घेऊन या, मी उभ्या उभ्या मंजुरी काढतो.”

मिस्त्री हलक्या पावलांनी चार मजले उतरला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारने त्याच्याकडे त्याला जमण्यासारखं काहीतरी मागितलं होतं.

“नापास व्हायला तुम्हाला अभ्यास लागणार नाही, एवढं मात्र बरं,” बायको म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात होती आणि दिवसभर चादरी मोजून तिचं बोलणंही घडी घातल्यासारखं झालं होतं.

“चेष्टा करू नकोस. चार पर्याय असतात. चुकून बरोबर लागलं तर?”

मुलीने यावर विचार केला. “बाबा, काहीच लिहू नका. नाव टाका आणि कोरा पेपर द्या. कोऱ्याला कोण पास करतंय?”

मिस्त्रीने तीन तास कोऱ्या पेपरवर पहारा दिला. टाकीच्या मानाने हे काम हलकं होतं, वर पंखाही होता.

निकालात तो पहिला आला.

यात गैरप्रकार काहीही नव्हता. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत होते. इतर उमेदवारांनी उत्तरं लिहिण्याचा अविचार केला होता आणि त्यातले बरेच शून्याच्या खाली गेले होते. मिस्त्रीने एकही चूक केली नव्हती. शिवाय सैनिकाला दर वर्षाच्या सेवेमागे वाढीव गुण होते, पदकाचे वेगळे होते आणि बिनतक्रार सेवेचे आणखी वेगळे. कुटुंबीयांना यातलं काही लागू नव्हतं. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर त्या एकुलत्या एका जागेसाठी वडील पहिले आले आणि मुलगी प्रतीक्षा यादीत गेली. प्रतीक्षा यादीत मात्र तीच पहिली होती.

“म्हणजे तुम्ही माझी जागा घेतलीत,” मुलगी म्हणाली. तिने हे अगदी शांतपणे म्हटलं.

“मी उद्याच सोडून देतो.”

दुसऱ्या दिवशी परिशिष्टने त्याला पाहताच उठून हात मिळवला. “अभिनंदन! पण हे काय करून बसलात?”

“कोरा पेपर दिला होता हो मी!”

“अहो, एखादं तरी उत्तर लिहायचंत. तुमच्या वयात एवढं साहस बरं नव्हे.”

“ते जाऊ द्या. मी जागा सोडतो, लगेच मुलीला द्या.”

“सोडलीत तर हक्क वापरून वाया घालवला असं होईल. मग मुलीलाही नाही, तुम्हालाही नाही. जागा पुढच्या शहराकडे जाईल.” परिशिष्टने आवाज खाली आणला, कारण आता तो नियमाबाहेर जाऊन माणुसकीने बोलत होता. “माझं ऐका. प्रवेश घ्या. एक वर्ष जा. वर्षाच्या परीक्षेत रीतसर नापास व्हा. मी तुम्हाला तेव्हाच दाखला देतो. जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला जाईल. ती तुमचीच आहे ना? मग घरची जागा घरातच राहिली.”

“आणि गेलोच नाही तर?”

“मग गैरहजर. गैरहजर म्हणजे असमर्थ नव्हे. शंभरातले पंचाहत्तर दिवस हजेरी हवी. असमर्थता हजर राहून सिद्ध करावी लागते.”

लिफ्ट कंपनीच्या मॅनेजरने कायदा वाचून सांगितलं की, राखीव सैनिक शिक्षणासाठी गेल्यास त्याची नोकरी त्याच्या नावावर राखून ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणजे दुसरा मिस्त्री नेमता येत नाही. पण लिफ्ट तर बंद पडणारच. तेव्हा मिस्त्रीच्या नावावर, मिस्त्रीच्या परवान्यावर, मिस्त्रीच्या घरातलं कोणी कामावर आलं तर कंपनी तिकडे बघणार नव्हती. पोरगी लहानपणी शनिवारी बापाच्या मागे लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरत असे. तिने डांगरी चढवली, बाह्या दोनदा दुमडल्या आणि बापाचं ओळखपत्र गळ्यात घातलं. त्यावर मिशा होत्या. पुढच्या चार वर्षांत एकाही सुरक्षारक्षकाने त्या मिशांबद्दल विचारलं नाही. कार्ड गळ्यात आहे एवढंच ते बघत.

महाविद्यालयात मिस्त्री पहिल्या बाकावर बसला. मागे बसलं तर हजेरी घेणाऱ्याला दिसणार नाही, ही भीती. पोरं त्याला काका म्हणत आणि पहिले काही दिवस त्याला पाहून उभी राहत. प्राध्यापिका बाई त्याच्यापेक्षा वयाने लहान होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “काका, तुम्हाला दंतवैद्यच का व्हावंसं वाटलं?”

“मला व्हायचं नाही, मॅडम. मी नापास व्हायला आलोय.”

वर्ग खो खो हसला. बाईंनाही हा विनय आवडला.

संध्याकाळी घरी परतलं की खरी परीक्षा सुरू होई. दोरेवाली डांगरीतच जमिनीवर मांडी घालून बसे, वंगणाचे हात पुसत.

“आज काय झालं?”

“दाढा.”

“कोणत्या? वरच्या की खालच्या?”

“वरच्या असाव्यात.”

“असाव्यात? बाबा, तुम्ही वर्गात झोपता का? मुळं किती सांगितली?”

“तीन. खालच्यांना दोन.”

“आणि मुळांच्या आतली, नसेची चौथी वाट? ती कुठे लपलेली असते?”

“चौथी? चौथीचं काही बोलल्या नाहीत बाई.”

“बोलल्या असणार. उद्या विचारून या.”

मग मिस्त्री दुसऱ्या दिवशी हात वर करून चौथ्या वाटेबद्दल विचारी. अशा शंका वर्गात दुसरं कोणी विचारत नसे. बाई भारावून जात आणि सविस्तर सांगत. मिस्त्री शब्दन् शब्द उतरवून घेई आणि संध्याकाळी मुलीपुढे रिकामा करी. एकदा का माल तिच्याकडे पोचला की त्याचं डोकं पुन्हा तळमजल्याला. दुसऱ्या दिवशी नवीन भरायला मोकळं. स्वतःसाठी त्याने एक ओळही ठेवली नाही, कारण त्याला नापास व्हायचं होतं आणि त्या बाबतीत तो प्रामाणिक होता.

गृहपाठाला मेणाच्या वड्या मिळत. त्यातून हुबेहूब दात कोरून द्यायचे. मिस्त्रीने पहिला दात कोरला तो बायकोने दाराला अडसर म्हणून लावला. तेव्हापासून वड्या दोरेवालीच कोरू लागली. जेवण झाल्यावर, बापाच्या सर्वात बारीक स्क्रू ड्रायव्हरने. बाईंनी तिची पहिली दाढ हातात घेतली आणि कितीतरी वेळ ती फिरवून फिरवून पाहिली.

“काका, हे तुम्ही केलंत?”

“घरी झालं,” मिस्त्री म्हणाला. हे खरं होतं.

मात्र वर्गात प्लास्टिकच्या जबड्यावर स्वतःच्या हाताने काम करायची वेळ आली, तेव्हा त्याने पकड लावली, पाय रोवले आणि लिफ्टच्या काउंटरवेटचा अडकलेला बोल्ट काढावा तसा हिसका दिला. दात निघाला.

“काका, तो शेजारचा होता,” मागून एक मुलगी म्हणाली.

“छान!” मिस्त्री पुटपुटला. नापास होण्याच्या दिशेने पडलेलं हे पहिलं ठोस पाऊल होतं.

वार्षिक परीक्षेची तारीख लागली. मिस्त्रीने दोन नवी पेनं विकत घेतली. या वेळी तो कोरा पेपर देणार नव्हता. भरगच्च आणि सपशेल चुकीचा लिहिणार होता. त्याची तयारी झाली होती. प्रत्येक प्रश्नाचं चुकीचं उत्तर मुलीने बसून त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. चुकीचं उत्तर शिकवायला बरोबर उत्तर पक्कं यावं लागतं, आणि तिला ते येत होतं.

परीक्षेच्या आदल्या सकाळी शिबिराचं बोलावणं आलं. हुकूम म्हणजे हुकूम. मिस्त्री टाकीखाली पोचला आणि तुकडीप्रमुखापुढे खाडकन सलाम ठोकून म्हणाला, “साहेब, उद्या माझी परीक्षा आहे. मला सोडा.”

तुकडीप्रमुखाचा चेहरा प्रेमाने फुलला. “ठाऊक आहे! म्हणून तर तारीख जुळवून घेतली. अरे, सैनिक कर्तव्यावर असताना परीक्षा आली तर त्याला उत्तीर्ण समजतात. नियमच आहे तसा. या वयात तू पेपर लिहीत बसणार, माझ्या जवानाची शोभा होणार? मी होऊ देईन का?”

“साहेब, मला नापास व्हायचंय.”

“माझ्या तुकडीतला माणूस नापास होत नाही,” तुकडीप्रमुख म्हणाला आणि त्याने मिस्त्रीला मिठी मारली.

टाकीवर पहारा देत मिस्त्री शरीररचनाशास्त्र पास झाला. चौथ्या दिवशी दुपारी शत्रूची वाट पाहता पाहता तो जीवरसायनही पास झाला.

“आता वरच्या साहेबांनाच भेटा,” परिशिष्टने सल्ला दिला. “माझ्या हातात फक्त नापास माणसाला मदत करण्याचे अधिकार आहेत.”

वरच्या साहेब म्हणजे एक अतिशय सहृदय बाई होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, मिस्त्रीचं सगळं बोलणं मध्ये न बोलता ऐकलं आणि शेवटी डोळे टिपले.

“दिवसा शिक्षण, त्यात देशसेवा, आणि घरातली लेक लिफ्ट दुरुस्त करते! एका कुटुंबाला दोन्हीकडून लाभ! तुमच्यासारखी उदाहरणं आम्हाला शोधून सापडत नाहीत हो.”

“मॅडम, शिकायचं तिला होतं. मी लिफ्टवाला.”

“किती सुंदर बोललात! हेच वाक्य घेऊ.”

छायाचित्रकार आला. बापाला गणवेश, बायकोला नवी साडी आणि मुलीला पदवीची टोपी घालून तिघांना एका पडद्यापुढे उभं केलं.

“मला कशाला टोपी?” मुलीने विचारलं.

“चित्रात मुलीला बरी दिसते,” छायाचित्रकार म्हणाला. “हसा. जरा दात दिसू द्या.”

नव्या पुस्तिकेवर हे चित्र छापून आलं. वार्षिक अहवालात त्यांच्यावर दीड ओळ होती : ‘एका सैनिकास उच्च शिक्षण, त्याच कुटुंबातील एका महिलेस तांत्रिक क्षेत्रात वाव.’ मंत्रालयातून कौतुकाचं पत्र आलं. इतर शहरांनीही ही पद्धत अवलंबावी असं त्यात सुचवलेलं होतं. दोन शहरांनी अवलंबलीही. एकीकडे कोणी मुलगा पायलट व्हायचा होता, तिथे आता त्याची आजी आकाशात होती असं म्हणतात. तिचं प्रत्येक उड्डाण शिबिराच्या तारखांशी जुळवलेलं होतं.

दुसरं वर्षही असंच सरलं. तिसऱ्या वर्षी मिस्त्रीने शिबिराला जायचं नाही असं ठरवून पाय मोडून घ्यायचा बेत केला. पण आजारी सैनिकालाही उत्तीर्ण समजतात हे परिशिष्टने वेळीच सांगितल्यामुळे पाय वाचला. चौथ्या वर्षी त्याने बेत करणंच सोडून दिलं. वह्या मात्र भरत राहिल्या. दोरेवालीने त्या कपाटात पदकाच्या शेजारी रचून ठेवल्या होत्या, आणि एका रविवारी बायकोची दाढ ठणकायला लागली तेव्हा पोरीने तिला खिडकीपाशी बसवून, आरशाने ऊन आत पाडून, दाढेत नेमकं कुठे काय झालंय ते सांगितलं. सोमवारी इस्पितळातल्या डॉक्टरने यंत्र लावून तेच सांगितलं. यंत्राला अर्धा तास जास्त लागला.

“अहो,” त्या संध्याकाळी बायको नवऱ्याला म्हणाली, “पोर तयार झालीय. आता फक्त कागद तेवढा काढा तिच्यासाठी.”

पदवी घेऊन मिस्त्री शेवटच्या खेपेला चौथा मजला चढला. या वेळी मुलगीही बरोबर होती.

“झालं सगळं,” तो म्हणाला. “आता काय उरलं? आता हिला द्या.”

परिशिष्टने पदवी दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि हळूच टेबलावर ठेवली. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

“आता तर काहीच उरलं नाही. हक्क पूर्ण वापरला गेला. एका कुटुंबाला एकदा.” मग त्याच्या आवाजात थोडा राग उतरला, आपल्या माणसावरचा असतो तसा. “मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं तुम्हाला? नापास व्हा. एवढं एकच काम सांगितलं होतं. चार वर्षांत चार संधी दिल्या. तुम्ही मनावरच घेतलं नाहीत!”

“काका,” मुलगी खिडकीपाशी वाकली, “मला सगळं येतं. माझी परीक्षा घ्या. कोणीही घ्या, कुठेही घ्या.”

“बाळ, तुला येतं यावर माझा विश्वास आहे,” परिशिष्ट म्हणाला. “पण तसा रकाना नाही.”

ती खिडकीपासून वळली. जिना उतरताना तळमजल्यावर थांबली, लिफ्टचं दार तिने सरकवलं, आत हात घातला आणि चार वर्षं उडालेला फ्यूज बदलून टाकला. दिवा लागला. वर कोणीतरी बटण दाबलं आणि रिकामी लिफ्ट तिच्यासमोरून वर निघून गेली.

“चला बाबा,” ती म्हणाली. “उशीर होईल तुम्हाला.”

कारण योजनेचा लाभ घेतलेल्याने तीन वर्षं सरकारी दंत दवाखान्यात सेवा करणं बंधनकारक होतं, आणि मिस्त्रीची नेमणूक निघाली होती.

दवाखाना एका खोलीचा आहे. एक खुर्ची, तिच्यावर दिवा, तिच्यासमोरच्या भिंतीवर चौकटीत पदवी. चौकट लावणं नियमाने सक्तीचं आहे. बाहेर बाकावर माणसं गाल धरून बसलेली असतात. मिस्त्री पांढरा कोट घालून उभा राहतो. दोरेवाली दुपारी कामावरून सुटली की डांगरीतच येते, हात कोपरापर्यंत घासून धुते आणि कोपऱ्यात उभी राहते. कोपऱ्यात उभं राहायला दाखला लागत नाही.

मिस्त्रीने नियमात बसणारं एकच काम शोधून काढलं आहे. खरं बोलणं. तो प्रत्येकाला खुर्चीत बसण्याआधी, हात जोडून, एकच गोष्ट सांगतो.

“हे बघा, भिंतीवरचा कागद माझा आहे. मी चार वर्षं पाण्याच्या टाकीवर पहारा देऊन पास झालोय. मी दात काढतो तेव्हा बऱ्याचदा शेजारचा निघतो. ही माझी मुलगी. हिला सगळं येतं, हिचा हात हलका आहे, पण हिच्याकडे कागद नाही. तुम्ही सांगाल तसं. कोणाकडून काढायचा?”

लोक ऐकून घेतात. काही जण हसतात; या सरकारी व्यवस्थेचं काही खरं नाही असं म्हणतात आणि कुठल्याशा कारकुनाला चार शिव्या घालतात. एक प्राध्यापक आले होते, त्यांनी तर कागदी घोड्यांवर दहा मिनिटं सुरेख भाषण दिलं. मग ते खुर्चीत बसले, त्यांनी डांगरीतल्या मुलीकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं आणि मिस्त्रीकडे बोट दाखवलं. शेजारचा दात रुमालात बांधून घेऊन गेले. समाधानी होते. पावतीवर शिक्का होता.

आज दीड वर्ष झालं. एकानेही मुलीकडे बोट दाखवलेलं नाही. ती रोज येते, हात धुते, उभी राहते.

आता पुढचा नंबर तुमचा आहे. या, बसा. गाल बराच सुजलाय, मघापासून हसत होतात म्हणून लक्षात आलं नसेल. मिस्त्रीचं तुम्हाला सगळं सांगून झालं आहे, काहीही लपवलेलं नाही. मुलीने दिवा तुमच्या तोंडावर नीट आणून ठेवला आहे आणि ती वाट पाहते आहे. कोणाकडून काढायचा?

राहू द्या, बोलू नका. तुम्ही भिंतीकडे पाहिलंत ते तिने पाहिलं.